आघातानंतर काय झालं, ते आधी विचारा: समुपदेशकाने पाठपुरावा कसा करावा

माझ्याकडे एक कामगार यायचे. यंत्रात हात अडकून उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. झोप उडालेली, कुठेही मोटार सुरू झाल्याचा आवाज आला की छाती धडधडायची, घरात कुणी दार आपटलं तरी दचकायचे. पहिली सहा सत्रं मी शिकले होते तशीच घेतली. श्वासाचा सराव, पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तू सांगणं, वाईट स्वप्नांची वही. ते सगळं मनापासून करायचे आणि पुढच्या आठवड्यात तसेच परत यायचे. सातव्या सत्रात मी सहज विचारलं, "सध्या काम कुठल्या विभागात आहे?"

"त्याच मशीनवर, मॅडम. जाळी अजून बसवलेली नाही."

दोन बोटं गमावलेला माणूस रोज सकाळी आठ वाजता त्याच उघड्या यंत्रापुढे उभा राहत होता आणि मी त्यांना धडधड कमी करायला शिकवत होते. त्यांची छाती खोटं बोलत नव्हती. यंत्र खरोखरच उघडं होतं.

तेव्हापासून माझ्या पहिल्या सत्राचे प्रश्न बदलले. समोरच्या माणसाला वाटते ती भीती आहे की धोका, हे मी आधी समजून घेते. धोका टळून गेल्यावरही शरीरात उरलेली भीती वेगळी, आणि अजून समोर उभ्या असलेल्या धोक्याची खबर देणारी भीती वेगळी. पहिलीवर आपल्याकडे चांगले उपचार आहेत. दुसरीसाठी समुपदेशकाला खोलीबाहेर पडावं लागतं: पत्र लिहावं लागतं, फोन करावे लागतात, बैठकीत बसावं लागतं. व्यक्तीच्या बाजूने केलेल्या या सगळ्या कामाला मी इथे पाठपुरावा म्हणते. हे कसं करायचं ते आम्हाला अभ्यासक्रमात फारसं कुणी शिकवलं नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी ते इथे लिहिते आहे. प्रसंगांतले ओळख पटतील असे तपशील बदलले आहेत.

सभोवताल आघातात कसा शिरतो

एकाच अपघातातून वाचलेली दोन माणसं सहा महिन्यांनी दोन वेगळ्या ठिकाणी असतात. याचं कारण आपण बहुतेकदा त्यांच्या स्वभावात शोधतो: हा खंबीर, तो हळवा. क्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी २००० साली तोवर झालेल्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. प्रौढांमध्ये पीटीएसडीशी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासाशी, जोडलेले १४ घटक त्यांनी तपासले. वय, शिक्षण, आधीचा मानसिक आजार अशा घटनेपूर्वीच्या गोष्टींपेक्षा घटनेची तीव्रता, नंतर आधार न मिळणं आणि नंतर वाट्याला आलेले इतर ताण यांचा संबंध जास्त ठळक दिसला. म्हणजे ज्या काळात ती व्यक्ती आपल्याकडे येते, तोच काळ निर्णायक असतो आणि त्यात अजून काहीतरी करता येतं. मला या कामात टिकवून ठेवणारी ही एक गोष्ट आहे. अर्थात हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. आधार नसला की लक्षणं वाढतात, आणि लक्षणांमुळे माणूस चिडचिडा, अबोल झाला की जवळची माणसंही हळूहळू दुरावतात. म्हणून 'तुला कुणी आधार दिला नाही' असा निवाडा पहिल्याच दिवशी करू नका.

घटनेचा अर्थ काय लावायचा, हेही बहुतेक वेळा आजूबाजूची माणसंच ठरवतात. "तू तिथे गेलीसच कशाला?" हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे! घटना सांगताना ज्यांचा आवाज स्थिर असतो, त्यांचा तो या वाक्यापाशी फुटतो. पहिल्यांदा सांगितल्यावर मिळालेलं उत्तर माणूस वर्षानुवर्षं बाळगतो. ते उत्तर आईचं असेल, मित्राचं असेल, पोलिसाचं असेल किंवा डॉक्टरांचं.

मग संस्था येतात. ज्या शाळेवर, विद्यापीठावर, कार्यालयावर विसंबून राहायचं, तिनेच तक्रार दाबली, टोलवली किंवा तक्रार करणाऱ्यालाच दोष दिला, तर त्याला जेनिफर फ्रेड यांनी संस्थेकडून झालेला विश्वासघात म्हटलं आहे. कार्ली स्मिथ आणि फ्रेड यांनी २०१३ साली लैंगिक हल्ल्याला सामोऱ्या गेलेल्या विद्यार्थिनींचा अभ्यास मांडला. ज्यांना संस्थेकडूनही असा अनुभव आला होता, त्यांच्यात चिंता आणि मन सुन्न होऊन घटनेपासून तुटणं यांसारखे त्रास जास्त आढळले. हल्ला करणारा एक असतो. नंतर फाईल बंद करणारे अनेक असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण फक्त नियम पाळला असं वाटत असतं.

बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा, म्हणजे 'एस'चा अभ्यास बहुतेकांना माहीत असतो. व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. चार किंवा त्याहून अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, अमली पदार्थांचं सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव न आलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पटींनी जास्त दिसला. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण त्या यादीकडे नीट पाहिलं तर तीत जे आहे ते जवळजवळ सगळं घराच्या चार भिंतींमधलं आहे: मारहाण, घरातलं व्यसन, कुणाचा तुरुंगवास. गल्लीतली हिंसा, शाळेतली छळवणूक, भेदभाव यांतलं काहीच तीत नाही. पुढे २०१२-१३ मध्ये फिलाडेल्फियात झालेल्या पाहणीत या गोष्टी मुद्दाम विचारल्या गेल्या. तेव्हा मूळ यादीत शून्य गुण मिळतील अशीही माणसं बाहेरच्या आघातांखाली दबलेली सापडली. तुमच्याकडे छापील प्रश्नावली असेल तर तिच्या बाहेर काय राहिलं ते आधी पाहा. आणि एक विनंती: या गुणांवरून एखाद्या मुलाचं भविष्य सांगू नका. ते आकडे लोकसमूहासाठी आहेत, एका व्यक्तीचं निदान करण्यासाठी नाहीत.

पहिल्या दोन सत्रांत काय विचारायचं

घटनेचा तपशील उकरायची घाई नको. आपत्तीनंतर प्रत्येकाला बसवून सगळं बोलून घ्यायची पद्धत एकेकाळी रूढ होती. आता तशी एका बैठकीची उजळणी सरसकट करू नये असंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीनच क्रिया आहेत: पाहा, ऐका, जोडा. यातलं 'जोडा' मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसाला त्याच्या माणसांशी, निवाऱ्याशी, माहितीशी, सेवांशी जोडणं. म्हणजे बाहेरचं काम प्रथमोपचारातच धरलेलं आहे, नंतरची मेहेरबानी म्हणून नाही.

मी साधारण असं विचारते:

"हे सगळ्यात आधी कुणाला सांगितलंत? ते काय म्हणाले?"

"ती जागा, ती माणसं आता तुमच्यापासून किती लांब आहेत? दिवसातून किती वेळा गाठ पडते?"

"यानंतर तुमचं काय काय सुटलं? पगार, घर, वर्ग, एखादी मैत्री?"

"हेच सगळं आणखी कुठे कुठे पुन्हा सांगावं लागलं?"

"तुमच्या बाजूने कोण उभं राहिलं?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. एका बाईंनी खूप वेळ विचार करून सांगितलं होतं, "पाळीवर शेजारी बसणारी एक जण. काही बोलली नाही, पण माझ्या वाटणीचं काम तिने आठवडाभर केलं." पुढे आम्ही जे काही केलं त्यात त्या न बोललेल्या बाईची साक्ष सगळ्यात मोलाची ठरली.

'का' हा शब्द या सत्रांत टाळा. तुम्ही प्रेमाने विचारलं तरी त्यांनी आजवर तो आरोपासारखाच ऐकलेला असतो.

कागदावरची वर्तुळं

युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये माणसाची वाढ एकात एक बसलेल्या वर्तुळांमध्ये मांडली. सगळ्यात आत रोजचा संबंध येतो ती घर, वर्ग, कामाची जागा. त्यानंतर या जागांचे एकमेकांशी संबंध. त्याबाहेर जिथे आपण बसत नाही पण जिथे आपल्याबद्दल निर्णय होतात त्या जागा. आणि सगळ्यात बाहेर समाजाच्या समजुती, कायदे, चालीरीती. मी हेच कोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढते आणि दोन पेनं पुढे ठेवते, निळं आधारासाठी आणि लाल त्रासासाठी. भरायचं काम त्या व्यक्तीचं.

चौदा वर्षांची एक मुलगी होती. वर्गातल्या चौघांनी तिला मारलं होतं आणि पाचव्याने त्याचा व्हिडिओ काढून सगळीकडे फिरवला होता. शाळेने दोन्ही बाजूंना एकमेकांची माफी मागायला लावली आणि विषय संपला असं ठरवलं. तिच्या कागदावर दुसऱ्या वर्तुळात, म्हणजे घर आणि शाळा यांच्या मध्ये, काहीच नव्हतं. आई आणि वर्गशिक्षिका यांचं घटनेनंतर एकदाही बोलणं झालेलं नव्हतं. तिसऱ्या वर्तुळात तिने 'ऑफिस' लिहून त्यावर लाल फुली मारली. बाहेरच्या वर्तुळात तिने आजीचं वाक्य लिहिलं, "मुलीच्या जातीने भांडणात पडू नये."

मग तिने मी न सांगितलेली एक गोष्ट केली. कागद उलटा केला आणि शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंतची वाट काढली. त्यावर लाल पेनाने पाच ठिपके दिले. फाटक, सायकली लावायची जागा, मधला जिना, पाण्याचे नळ, वर्गाबाहेरची गॅलरी. ग्रंथालयाच्या दाराशी एक बारीक निळा ठिपका दिला. तिथल्या बाई तिला मधल्या सुट्टीत बसू द्यायच्या.

तोवर मला कळत होतं ते एवढंच: 'शाळेत जायची भीती, पहिल्या दोन तासांत लक्ष लागत नाही.' त्या कागदावर दिसलं की शाळा सुरू होण्याआधीच्या पंधरा मिनिटांत आणि मधल्या सुट्टीत तिला त्या पाच जणांसमोरून जावं लागतं. एवढं नेमकं कळलं की मागायचं काय तेही कळतं.

हे आपलं काम आहे का?

वरिष्ठांनी मला हे बरेचदा विचारलं. समुपदेशकाने तटस्थ राहावं, असं त्यांचं म्हणणं. आपण समोरच्याच्या निवडीबद्दल निवाडा करत नाही, एवढीच तटस्थता मी मानते. त्याला कुणी मारत असेल तर तिथे तटस्थ राहता येत नाही.

शिवाय आपण ज्या निदानावर काम करतो ते पीटीएसडी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत १९८० साली आलं, तेच मुळी पाठपुराव्यातून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलायला लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि चैम शॅटन हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यासोबत बसले, आणि पुढे सैनिकांच्या बरोबरीने त्यांनी हा त्रास अधिकृत यादीत यावा म्हणून अनेक वर्षं प्रयत्न केले. कुणी खोलीबाहेर गेलं नसतं तर आज आपल्या फाईलवर लिहायला तो शब्दही नसता.

व्यवसायाच्या चौकटीतही हे बसतं. अमेरिकन समुपदेशन संघटनेने २००३ साली पाठपुराव्यासाठी लागणाऱ्या क्षमतांची मांडणी स्वीकारली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. तिच्यातला एक भेद मी रोज वापरते: व्यक्तीच्या सोबतीने करायचं काम आणि व्यक्तीच्या वतीने करायचं काम. जिथे ती स्वतः बोलू शकते तिथे तिला तयारी करून द्यायची. जिथे तिचं बोलणं तिला महागात पडेल, किंवा जिथे तिला बसूच देत नाहीत, तिथे आपण बोलायचं. आणि दर वेळी ती व्यक्ती, ती संस्था की सगळा समाज, यांपैकी कुठल्या पातळीवर बोलायचं ते ठरवायचं. बहुतेकांची गाडी पहिल्या पातळीवरच थांबते.

संमती

सुरुवातीला घेतलेली सर्वसाधारण सही इथे पुरत नाही. प्रत्येक पत्रासाठी, प्रत्येक फोनसाठी वेगळी संमती घ्या. कुणाला सांगायचं, काय सांगायचं, काय अजिबात सांगायचं नाही आणि ही परवानगी कधीपर्यंत, हे चारही मुद्दे लिहून काढा. मूल असेल तर पालकांची संमती लागतेच, पण पालकांनी हो म्हटलं म्हणून मुलाचा नकार बाजूला सारू नका.

त्यानंतर एक अवघड प्रश्न: "हे पत्र गेल्यावर कोण चिडेल? चिडलं तर ते काय करू शकतात?" यंत्रावरच्या त्या कामगारांनी मला उत्तर दिलं, "ठेकेदार मला काढून टाकेल." त्या क्षणी माझं पत्र लिहून तयार होतं. मी ते पाठवलं नाही. आम्ही आधी त्यांच्या डॉक्टरांकडून हाताच्या मर्यादेचं प्रमाणपत्र घेतलं, मग त्यांच्याबरोबरच्या आणखी सहा जणांनी सह्या करून जाळीची मागणी केली. सात नावांमध्ये त्यांचं नाव चौथं होतं. सगळ्यांना एकदम काढणं ठेकेदाराला परवडणारं नव्हतं. माझं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं, आणि तेच बरोबर होतं.

पाठवण्याआधी पत्र त्या व्यक्तीसमोर मोठ्याने वाचा. जिथे ती खाली पाहते, तिथलं वाक्य बदला.

पत्र

त्या मुलीच्या शाळेला मी पाठवलेलं पहिलं पत्र चुकलं होतं. त्यात मी लिहिलं: "सदर विद्यार्थिनी गंभीर मानसिक आघाताने ग्रस्त असून तिला भीती, निद्रानाश व एकाग्रतेचा अभाव जाणवत आहे. तिला सहानुभूतीपूर्वक वागणूक मिळावी." चार दिवसांनी उत्तर आलं की प्रकृती सुधारेपर्यंत तिला घरीच ठेवावं. मी तिची लक्षणं मोजून दिली होती, तेव्हा शाळेला अडचण तिच्यातच दिसली. आणि 'सहानुभूतीपूर्वक वागणूक' म्हणजे उद्या सकाळी कुणी काय करायचं, हे कुणालाच कळलं नव्हतं.

दुसरं पत्र असं गेलं:

"ही विद्यार्थिनी माझ्याकडे समुपदेशनासाठी येते. तिच्या व पालकांच्या संमतीने हे पत्र देत आहे. ज्या विद्यार्थ्यांनी मारहाण केल्याची तिची तक्रार आहे, त्यांच्याशी शाळा भरण्यापूर्वी व मधल्या सुट्टीत तिची रोज गाठ पडते. त्यामुळे पहिल्या दोन तासांत ती वर्गात बसू शकत नाही. येत्या सोमवारपासून पुढील व्यवस्था व्हावी. एक, तिला मागच्या जिन्याने वर्गात येण्याची परवानगी असावी व त्या वेळी तेथे एक शिक्षक उपस्थित असावेत. दोन, मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडे असावे. तीन, संबंधित विद्यार्थ्यांची तुकडी बदलावी. तिची बदलू नये. या व्यवस्थेचा आढावा तीन आठवड्यांनी घ्यावा. त्यासाठी मी उपस्थित राहीन."

निदान नाही, घटनेचं वर्णन नाही. काय घडतं, त्याने कशात अडथळा येतो, नेमकं काय हवं, कधीपासून, आणि पुन्हा कधी पाहायचं. 'मारहाण झाली' असं मी लिहिलं नाही, 'तिची तक्रार आहे' असं लिहिलं, कारण मी तिथे नव्हते. साक्षीदाराच्या थाटात लिहिलेलं एक वाक्य पुढे चौकशीत सगळं पत्र निकामी करू शकतं.

तिसऱ्या मागणीवर मी अडून राहिले. त्रास ज्याला झाला त्यालाच हलवणं संस्थेला नेहमी सोपं वाटतं. पीडित मुलीची तुकडी बदला, बाईंचा विभाग बदला, भाडेकरूला दुसरीकडे जायला सांगा. त्याने तात्पुरती शांतता होते आणि त्या व्यक्तीला मात्र ती शिक्षाच वाटते. जागा सोडायची असेल तर तो निर्णय तिचा असावा.

व्हिडिओबद्दल मी पत्रात काही लिहिलं नाही. कुठेही तक्रार करायची शक्यता असेल तर पुरावा आधी कसा जपायचा, हे कायद्याच्या जाणकाराला विचारूनच पुढे जा. आपण वकील नाही.

बैठकीत

व्यक्ती सोबत येणार असेल तर आदल्या सत्रात खुर्च्या मांडून सराव करा. दाराजवळची खुर्ची तिला द्या. उठून जायची एक खूण ठरवा. त्या मुलीने पेनाचं टोपण टेबलावर ठेवायचं, असं आमचं ठरलं होतं. "तुला काय हवंय ते तू सांग" असं कुणी म्हणालं तर ती एकच वाक्य बोलेल आणि उरलेलं मी बोलेन, हेही ठरलं होतं. तिचं वाक्य होतं, "मला माझ्याच वर्गात बसायचंय." टोपण तिने हातातच धरून ठेवलं.

समोरच्यांना शत्रू समजून जाऊ नका. वर्गशिक्षिकेकडे साठ मुलं असतात आणि पर्यवेक्षकांना वरून विचारणा होणार असते. मी बहुतेकदा विचारते, "यात तुम्हाला अडचण कशाची येईल?" जिन्यावर उभं राहायला शिक्षक नाहीत, ही त्यांची अडचण खरी होती. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "मी येते दहा मिनिटं लवकर."

बैठक संपल्यावर त्याच दिवशी एक छोटा ईमेल पाठवा: आज काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. शेवटी लिहा, 'यात काही चुकलं असल्यास कळवावे.' तोंडी कबूल केलेलं आठवड्यात विरतं. लेखी असलं की निदान पुढच्या वेळी सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही.

एकाच ठिकाणाहून तिघं आली तर

दोन वर्षांत एकाच कामाच्या ठिकाणाहून माझ्याकडे तीन बाया आल्या. तिघींची तक्रार एकाच पाळीतली. अशा वेळी तिघींवर स्वतंत्र उपचार करत बसणं मला अप्रामाणिक वाटतं. पण गोपनीयता इथे फार नाजूक होते. तीन हा आकडा सांगितला तरी लहान ठिकाणी लोक नावं ओळखतात. मी प्रत्येकीला वेगळं विचारलं, एकीला दुसरीबद्दल काहीच न सांगता, की रात्रपाळीच्या व्यवस्थेबद्दल एखाद्या संघटनेमार्फत सर्वसाधारण सूचना गेली तर चालेल का. दोघी हो म्हणाल्या, एक नाही म्हणाली. मी सहा महिने थांबले. दरम्यान माझ्या व्यवसायातल्या आणखी चौघींशी बोलले आणि आम्ही मिळून, कुठल्याही ठिकाणाचं नाव न घेता, रात्रपाळीत काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेची एक यादी तयार करून अनेक ठिकाणी पाठवली. त्या ठिकाणीही ती गेली, इतरांसारखीच.

नकार मिळाला तर तो लेखी मागा, कारणासह. त्याच्या वर कोण, ते शोधा. आणि व्यक्तीला प्रामाणिकपणे सांगा की नकार आला आहे. आपल्या पराभवाची बातमी लपवली तर तिला वाटतं, पुन्हा कुणीतरी पाठीमागे काहीतरी ठरवलं.

जपायच्या गोष्टी

जिवाला धोका असेल, आत्महत्येचे विचार असतील, मुलावर अत्याचार चालू असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी सुरक्षितता. तिथे तुमच्या इथला कायदा जे कळवायला सांगतो ते कळवावंच लागतं, आणि हे पहिल्या सत्रातच सांगून ठेवा.

तुमचा पगार त्याच संस्थेतून येत असेल तर तेही व्यक्तीला पहिल्या दिवशी सांगा. शक्य असेल तिथे पाठपुरावा बाहेरच्या कुणाकडे सोपवा.

कुणाचीही कहाणी सभेत, बातमीत नेऊ नका, तिने आनंदाने हो म्हटलं तरी सहा महिने थांबा. आघातातून नुकत्याच बाहेर येणाऱ्या व्यक्तीला आपल्याला नाही म्हणणं जड जातं.

आणि स्वतःकडे लक्ष द्या. इतरांचे आघात ऐकून ऐकून समुपदेशकाची जगाकडे बघायची नजर बदलते, हे मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्येच लिहून ठेवलं आहे. माझं मलाच जाणवलं ते असं की मी अनोळखी जिन्यावर आधी मागे वळून पाहायला लागले होते. तेव्हापासून महिन्यातून दोनदा मी माझ्या मार्गदर्शक बाईंकडे जाते, काम कितीही असलं तरी.

तीन आठवड्यांनी

पत्र पाठवतानाच डायरीत एकविसाव्या दिवशी फोन लिहून ठेवा. त्या मुलीच्या बाबतीत मी तेच केलं होतं. तुकडी बदलली गेली होती, ग्रंथालय उघडं होतं, पण मागचा जिना बंद झाला होता, कारण ग्रंथपाल बाई रजेवर गेल्या आणि नव्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. मी जुना ईमेल तसाच पुन्हा पाठवला, वर फक्त एक ओळ घातली: 'हे सोमवारपासून पुन्हा सुरू व्हावं.' सोमवारी सकाळी तिच्या आईचा मेसेज आला, जिन्याचं दार उघडं आहे. मी डायरीत पुढच्या एकविसाव्या दिवसावर खूण केली.